रजेचा अर्ज

फौजेत अधिकारी व्हावं की नाही, हे विचारायला माझ्याकडे मुलं-मुली येतात. चहा होईपर्यंत लक्षात येतं, की त्यांना ते विचारायचंच नसतं. त्यांना विचारायचं असतं, निवड कशी होते. सेवा निवड मंडळात, म्हणजे एसएसबीत, धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट कशी लिहायची. साठ शब्द एकामागून एक येतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद, त्यांची वाक्यं कशी करायची. मुलाखतीत एका दमात आठ-दहा प्रश्न टाकतात, ते लक्षात कसे ठेवायचे. मला ठाऊक आहे तेवढं मी सांगते. त्यात गुपित असं फारसं उरलेलंही नाही. अधिकाऱ्यात असायला हवेत असे जे पंधरा गुण मंडळ बघतं, त्यांची आता गावोगावच्या क्लासांत घोकंपट्टी चालते. पुढाकार कसा घ्यायचा हे पाठ करून आलेली मुलं गटचर्चेत सगळी एकदम बोलायला लागतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही.

तुम्ही त्यांना हवे आहात का, हे बघायला एसएसबीच्या पाच दिवसांत तीन माणसं तीन बाजूंनी बसलेली असतात. एक मानसशास्त्रज्ञ, एक गटाची कामं घेणारा अधिकारी आणि एक मुलाखत घेणारा. ते आयुष्य तुम्हाला हवंय का, हे बघायला कुणी बसलेलं नसतं. ते काम उमेदवाराचं. पण विशी-बाविशीच्या उमेदवाराकडे त्यासाठी लागणारी माहितीच नसते. त्याच्याकडे असतो गणवेश, एखादा सिनेमा आणि घरात कुणी फौजी असेल तर त्याच्या रजेतल्या गोष्टी. रजेवर आलेला माणूस रजेसारख्याच गोष्टी सांगतो.

मी सप्टेंबर 2009 मध्ये चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडले आणि 2023 मध्ये नोकरी सोडली. मुदतीची नोकरी होती, दहा वर्षं आणि वर चारची वाढ. मधे एकदा ती कायमची करून घ्यायची संधी आली होती, ती मी घेतली नाही. त्यामुळे गावात माझ्याबद्दल दोन मतं आहेत. एक, मी फार मोठं काहीतरी केलं. दोन, मी हातचं घालवलं. सल्ला विचारायला येतात ती पहिल्या मताची मुलं. दुसऱ्या मताचे त्यांचे आईबाप त्यांना दारापर्यंत सोडायला येतात.

आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. आमच्याकडे फौज म्हणजे भरती. पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं, त्यांच्यामागे सायकलवर शिट्टी घेतलेला कुणी रिटायर्ड हवालदार, हे दृश्य सांगली-साताऱ्याकडे कुठेही दिसेल. जवान व्हायची वाट सगळ्यांना ठाऊक. साहेब व्हायचं असेल तर मात्र आमच्या डोक्यात कलेक्टर येतो, फार तर डीवायएसपी. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका तालुक्याला भरून वाहतात, पण त्याच यूपीएससीच्या एनडीएचा आणि सीडीएसचा फॉर्म भरणारी पोरं त्यात हाताच्या बोटांवर. पुण्यात खडकवासल्याला एनडीए आहे, साताऱ्याला 1961 पासून सैनिक स्कूल आहे, तरी ही गत. जवान देणाऱ्या राज्यातून अधिकारी कमी जातात, हे सरकारच्याही लक्षात आलं होतं, म्हणून तर 1977 मध्ये औरंगाबादला मुलांना एनडीएसाठी तयार करणारी शासकीय संस्था निघाली. आता नाशिकला मुलींसाठीही तशी निघाली आहे. माझ्या वेळी मुलीला एनडीएचं दार बंदच होतं. मला वाट सापडली ती कॉलेजातल्या एनसीसीमुळे. सी सर्टिफिकेट असलं की लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी.

घरात फौजी एकच, माझे चुलते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होऊन निवृत्त झालेले. एसएसबीचं पत्र आलं तेव्हा मी ते त्यांना दाखवायला गेले. मला वाटलं, धावायचं किती, दंड किती काढायचे, असं काही सांगतील. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "रजा नाही म्हणता येईल का गं तुला?"

मला प्रश्नच कळला नाही.

"कंपनीत शंभर-सव्वाशे माणसं असत्यात. सगळ्यांना घरं हैत. दिवाळीला सगळ्यांनाच जायचं असतंय. अर्ज आमच्या हातनं वर जायचे आन् खाली यायचे. नाही लिहिणारा हात तुझा असणार. जमंल का?"

मी म्हटलं, त्याचे काहीतरी नियम असतील की. तात्या हसले नाहीत. "असत्यात," एवढंच म्हणाले आणि गुरांकडे गेले.

भोपाळला झालेल्या माझ्या एसएसबीच्या पाच दिवसांबद्दल मी मुद्दाम फार सांगत नाही. छातीवर नंबर लागतो, नाव जातं, शेवटच्या दिवशी नंबर पुकारतात. ज्यांचे नंबर पुकारले गेले नाहीत, त्यांच्यात माझ्यापेक्षा हुशार, माझ्यापेक्षा चपळ आणि स्वभावाने कितीतरी चांगल्या मुली होत्या. त्यांतली एक आज उत्तम शिक्षिका आहे. नाकारली गेलेली मुलं खचून येतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते, आणि ती ते मनावर घेत नाहीत.

चेन्नईच्या जवळजवळ वर्षभराच्या ट्रेनिंगचं मात्र एक सांगण्यासारखं आहे. तिथे सगळ्यात कमी वेळ विचाराला मिळतो. पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत कुणीतरी तुम्हाला कुठेतरी पळवत असतं, चुकलात की रगडा, आणि चुकला नाहीत तरी शेजारचा चुकलाय म्हणून रगडा. तीस किलोमीटरची दौड पाठीवर वजन आणि हातात रायफल घेऊन पुरी केली, की आपल्याला सगळं जमेल असं वाटायला लागतं. परमेश्वरन ड्रिल स्क्वेअरवर शेवटचं संचलन होतं, आईवडील खांद्यावर तारे लावतात, आणि त्या संध्याकाळी कुणालाही विचारा, हाच निर्णय बरोबर होता असंच तो म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण हे उत्तर दमलेल्या, आनंदलेल्या शरीराचं असतं. पुढच्या नोकरीत दौडीचा संबंध फार थोडा येतो.

संचलनाच्या आधी काही दिवस कोण कुठल्या विभागात जाणार याची यादी लागते. आपली पसंती, गुणवत्ता आणि जागा यांचा मेळ घालून ती करतात. मला मिळाली आर्मी सर्व्हिस कोअर. फौजेचं खाणंपिणं, इंधन, गाड्या आणि डोंगरातली खेचरं सांभाळणारा विभाग. बरोबरीच्या पोरांनी "किराणा दुकान" म्हणून चिडवलं. मी त्या रात्री रडले. घरी फोन केला तेव्हा विभागाचं नाव अशा घाईत सांगितलं की आईला वाटलं, मी आजारी आहे. तात्या फोनवर आले. त्यांना खरोखर आनंद झालेला होता. म्हणाले, "पोटाचं काम हाय. पोस्टीवर कोण तुझं नाव घेणार न्हाई, पण घास तुझाच असतोय."

विभागाचा बेंगळुरूचा कोर्स झाला आणि पहिली काही वर्षं मैदानी भागात गेली. मग कॅप्टन असताना लडाखमधल्या एका सप्लाय डेपोत बदली झाली. अधिकारी म्हणजे काय करतो, हे मला तिथे कळलं.

लडाखला तेव्हा रस्ते दोन होते. एक श्रीनगरहून साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिलामधून, दुसरा मनालीहून. हिवाळ्यात बर्फ पडलं की दोन्ही बंद व्हायचे ते वसंतातच उघडायचे. विमानं येतात, पण विमानाने हजारो माणसांचं पीठ आणि रॉकेल आणणं कुणाला परवडणार? त्यामुळे साधारण मे ते ऑक्टोबर या काळात पुढच्या हिवाळ्यात फौज जे खाईल आणि जाळेल ते सगळं वर चढवून ठेवायचं. आटा, तांदूळ, डाळ, साखर, दूधपावडर, सुकवलेला कांदा, डब्यातल्या भाज्या आणि फळं, आणि रॉकेल. रॉकेलवर बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवणारी शेगडी, चालते, बुखारीवर माणूस जगतो. हे सगळं डेपोत आलं म्हणजे संपलं असंही नाही. तिथून ते पुढे, आणखी वर, जिथे गाडी जात नाही तिथे खेचरावर आणि खेचर जात नाही तिथे माणसाच्या पाठीवर जातं. खाली एक फुगलेला डबा नजरेतून सुटला, तर तो कुणाच्या पाठीवरून किती उंचीवर जाणार, याचा अंदाज आला की डबे तपासायचा कंटाळा येत नाही.

डेपोत हरियाणाचे एक सुभेदार साहेब होते. नोकरी त्यांची माझ्या वयाएवढी. ते मला "मॅडम" म्हणायचे, मी त्यांना "साहब". सही माझी, शहाणपण त्यांचं, असा सरळ व्यवहार होता आणि त्याची आम्हा दोघांनाही लाज नव्हती. ऑक्टोबर संपत आला होता तेव्हाची गोष्ट. बटाट्याचा एक ट्रक फाटकावर आला. मी वरची चार-दोन पोती उघडून बघितली, माल चांगला होता. सुभेदार साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, ऊपर की बोरी तो सब देखते हैं. नीचे की निकलवाइए." खालची पोती काढायला तास गेला. ट्रक दोन रात्री घाटात अडकला होता, आणि तळाशी जे होतं ते गोठून परत सुटलेलं होतं. बोट लावलं की आत जायचं.

पुरवठादाराचा फोन आला. आधी गोड बोलला, मग म्हणाला, मॅडम, मोसमातले शेवटचे ट्रक आहेत, तुमच्या हट्टापायी पोरं उपाशी राहतील. त्याचं अर्धं खरं होतं. ट्रक परत पाठवला तर दुसरा येईल याची खात्री नव्हती. मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "सही तुझी आहे, तू ठरव." त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, यापेक्षा चांगलं प्रशिक्षण मला कुठे मिळालं नाही. ट्रक परत गेला. त्या हिवाळ्यात काही युनिटांनी बटाट्याच्या वाट्यावरून कुरकुर केली, ती ऐकून घेतली. डब्यातल्या भाजीवर भागलं. स्थानिक लडाखी शेतकऱ्यांकडून कोबी आणि बटाटा घ्यायचो, त्यातला थोडा जास्त मिळवता आला. एवढंच. यात शौर्य वगैरे काही नाही. पण पंचविशीतल्या माणसाला एक अख्खा ट्रक परत पाठवायचा अधिकार आणि त्याचं ओझं पुण्याच्या कुठल्या कंपनीत कोण देतं? त्या नोकरीचं मला सगळ्यात जास्त आवडलेलं हेच होतं. तुमच्या वडिलांच्या वयाचा माणूस तुमच्या निर्णयाची वाट बघत उभा असतो, आणि तुम्ही चुकणार नाही यासाठी धडपडतही असतो.

आणि मग तात्यांचा प्रश्न आला. तो दरवर्षीच यायचा, पण एक वर्ष माझ्या ध्यानात राहिलंय.

रस्ता बंद व्हायच्या तोंडावर दोन जवानांचे अर्ज एकाच आठवड्यात आले. एकाच्या वडिलांचं ऑपरेशन होतं, दुसऱ्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न. दोघेही स्टोअरवरचे, आणि त्या वेळी सोडता येण्यासारखा माणूस एकच. नियम होते, तात्या म्हणाले होते तसे. किती टक्के माणसं एका वेळी रजेवर असावीत, कुणाची किती रजा शिल्लक आहे, सगळं लिहिलेलं होतं. नियमाने दोघांचाही हक्क सारखा होता. कागदावर ज्याचा उपयोग होईल असं काही उरलं नाही, तेव्हा मी दोघांनाही समोर बोलावलं. वडिलांच्या ऑपरेशनला मी रजा दिली. त्यात विचार करण्यासारखं फार नव्हतं, कुणीही तेच केलं असतं. अवघड होतं ते दुसऱ्याला त्याच्या तोंडावर सांगणं. बापाविना वाढलेला तो मुलगा, लग्न त्यानेच ठरवलेलं, कर्ज त्यानेच काढलेलं. तो "ठीक है मॅडम" म्हणाला, सॅल्यूट करून गेला. संध्याकाळी नेहमीसारखा हिशेबाचं रजिस्टर घेऊन आला, एकही आकडा चुकलेला नव्हता.

काही महिन्यांनी त्याने मला त्याच्या फोनवर लग्नाचा व्हिडिओ दाखवला. नवरीला मंडपात आणणारा भाऊ म्हणून कुणी मावसभाऊ उभा होता. पाच मिनिटांचा व्हिडिओ त्याने पुरा दाखवला, मधेमधे कोण कोण ते सांगत. आनंदाने दाखवत होता की मी बघावं म्हणून दाखवत होता, हे मला अजून उलगडलेलं नाही. तो माझ्याशी शेवटपर्यंत अतिशय चांगला वागला.

अधिकारी व्हायचंय म्हणणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट सांगते. गोळीबाराच्या गोष्टी माझ्याकडे नाहीत, असत्या तरी सांगितल्या नसत्या. लढाई येईल तेव्हा माणूस काय करेल हे कुणालाच आधी सांगता येत नाही, ती ज्याच्या वाट्याला येते त्यालासुद्धा नाही. रजेचे अर्ज मात्र दर आठवड्याला येतात. ज्याला नाही म्हटलं त्याच्याच हातचा चहा दुसऱ्या दिवशी प्यायचा असतो. काहींना ते अजिबात जड जात नाही. असे अधिकारी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या हाताखालची माणसंही पाहिली आहेत. काहींना ते इतकं जड जातं, की ते सगळ्यांना हो म्हणतात आणि मग हवालदाराला मागच्या दाराने नाही म्हणायला लावतात. या दुसऱ्या जातीचे जास्त त्रासदायक, असं माझं मत.

बाकीच्या गोष्टी लवकर सांगण्यासारख्या. पगार वाईट नाही. लेफ्टनंटचा मूळ पगार सातव्या आयोगाप्रमाणे 56,100 आणि त्यावर लष्करी सेवेचे 15,500. वर्षाला साठ दिवसांची रजा आणि वीस दिवसांची किरकोळ, अर्थात ती मिळाली तर. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. सहा वर्षांत मेजर, तेरा वर्षांत लेफ्टनंट कर्नल, इथवर वेळेने बढती. त्यापुढे कर्नल व्हायचं तर निवड मंडळ, आणि तिथे मनोरा एकदम निमुळता होतो. चांगले चांगले लोक तिथे अडतात आणि पुढची दहा-पंधरा वर्षं आपल्याहून धाकट्यांना सर म्हणत काढतात. विशीतल्या मुलाला याचं काही वाटत नाही, आणि वाटू नयेही.

आता नोकरी कायमची करायच्या त्या संधीबद्दल, म्हणजे 2020 बद्दल.

आम्ही भरती झालो तेव्हा गृहीतच धरलं होतं, की चौदा वर्षांपलीकडे बाईला जागा नाही. पुरुषाला दहाव्या वर्षी कायम कमिशन मागता यायचं, आम्हाला बहुतेक विभागांत नाही. याविरुद्ध 2003 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली, 2010 मध्ये निकाल बायकांच्या बाजूने लागला, सरकार अपिलात गेलं आणि 17 फेब्रुवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया खटल्यात सांगितलं की कायम कमिशन द्या. जुलैमध्ये सरकारचं मंजुरीपत्र निघालं, त्यात आमचा विभाग होता. मग फॉर्म आले. विलिंग की अनविलिंग.

मी तेव्हा मेजर होते, वाढीव चार वर्षांतलं पहिलं चाललं होतं. मैदानी भागातल्या एका मुख्यालयात टेबलावर. नवरा तोफखान्यात, तो दुसऱ्या टोकाला. मुलगा सहा वर्षांचा आणि त्याची दुसरी शाळा सुरू होती, तीही त्या वर्षी फोनवर. त्याच उन्हाळ्यात गलवान घडलं होतं. लडाखमध्ये अचानक कितीतरी जास्त फौज चढली होती, आणि तेवढ्याच महिन्यांत तिच्यासाठी हिवाळ्याचा साठा करायचा होता. डेपोतल्या ओळखीच्या लोकांचे रात्री अकराला फोन यायचे, आवाज बसलेले. मी इकडे त्याच साठ्याच्या तक्त्यांवर आणखी तक्ते करत होते. मला तिकडे असायला हवं असं इतकं वाटायचं, की झोप लागायची नाही.

सगळ्यांना वाटलं, यावरूनच उत्तर ठरलं. जिला डेपोची एवढी ओढ, ती विलिंग लिहिणारच. मी मात्र त्या ओढीकडे जरा नीट बघितलं. मला परत पाहिजे होता तो कॅप्टनचा डेपो, गोठलेल्या पोत्यात हात घालता येणारा. पुढच्या बदल्यांची साधारण कल्पना होती. मुख्यालय, मग अजून वरचं मुख्यालय, मधे मिळाली तर एखाद्या युनिटची कमांड. कामं महत्त्वाचीच असतात ती, कुणीतरी केलीच पाहिजेत. पण मला वास असलेल्या वस्तूंत काम करायला आवडतं, हे दहा-अकरा वर्षांत कळलेलं होतं. त्यात घर होतं, मूल होतं, दोन टोकांना दोन सामानं होती. यातलं कुठलं कारण किती, हे मला आजही तोलून सांगता येत नाही. लोकांना एकच कारण हवं असतं, आणि बाई असली की ते तयारच असतं, "मुलासाठी सोडलं." मी हे वाक्य खोडत बसत नाही, पण म्हणतही नाही.

पैशाचा हिशेब वहीत मांडला होता. वीस वर्षं झाली की पेन्शन, चौदाला बाहेर पडलं की पेन्शन नाही. म्हणजे सहा वर्षं आणखी काढली की जन्माची सोय. हा आकडा माझ्या बाजूने कधीच बोलला नाही. नवऱ्याने वही बघितली आणि म्हणाला, "हिशेब बरोबर आहे. आता तू काय करणार आहेस ते सांग."

सगळ्यात जड गेलं ते एका वरिष्ठ बाईंशी झालेलं बोलणं. त्या या लढ्यातल्या पहिल्या फळीतल्या. त्यांनी रागावून नाही, अगदी शांतपणे विचारलं, "आम्ही इतकी वर्षं भांडलो आणि तू नको म्हणणार? ते म्हणतील, बघा, यांना नकोच होतं." मला उत्तर सुचलं नाही. ते नंतर सुचलं, आणि ते असं. माझ्याबरोबरचे कितीतरी पुरुष अधिकारी दहाव्या वर्षी आपणहून बाहेर पडले. कुणी एमबीएला गेला, कुणी घरच्या धंद्यात. त्यावरून पुरुषांना फौज नको असते असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. बाईच्या "नको"चा अर्थ सगळ्या बायकांच्या वतीने लागत असेल, तर मिळालं ते अजून पुरतं मिळालेलं नाही. त्यांना मी हे पुढे पत्रात लिहिलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, मुलाची चौकशी करणारं.

मी अनविलिंग लिहिलं. 2023 च्या सुरुवातीला बायकांसाठी कर्नलपदाचं मंडळ बसलं, 108 जागा भरल्या आणि माझ्या ओळखीच्या काहीजणी युनिटच्या कमांडवर गेल्या. अभिनंदनाचे फोन केले. हेवा वाटला, थोडा नाही, चांगला वाटला. त्याच सप्टेंबरात माझी मुदत संपली. बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्यांना आयआयएममध्ये सहा महिन्यांचा एक व्यवस्थापनाचा कोर्स करता येतो, तो केला, आणि आता तासगावजवळ एका शीतगृहाचं काम बघते. बेदाणा. इथेही खालचं खोकं उघडायचं असतं. पगार बेताचा आहे. सुभेदार साहेब निवृत्त होऊन रोहतकला असतात, दिवाळीला फोन करतात आणि बेदाण्याचा भाव विचारतात.

माझी भाची आता फौजेचं म्हणतेय. सांगलीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्यापुढचा प्रश्न माझ्यासारखा नाही. 2022 मध्ये मुली एनडीएत दाखल झाल्या, मे 2025 मध्ये त्यांतल्या सतराजणी बाहेर पडल्या. तिचं ते वय निघून गेलंय, पण चेन्नईची वाट आहे आणि तिथून आता तिला मुलांसारखंच कायम कमिशन मागता येईल. तोफखान्यातही बायका गेल्यात. पायदळ आणि रणगाडे अजून नाहीत. म्हणजे मी जो निर्णय दहा वर्षांच्या हिशेबाने घेतला, तो तिला कदाचित तीस वर्षांच्या हिशेबाने घ्यावा लागेल, आणि माहिती तिच्याकडेही तेवढीच आहे जेवढी माझ्याकडे होती. बहीण माझ्यावर चिडलेली आहे. तिला वाटतं मी पोरीला हो म्हणतेय. पोरीला वाटतं मी नाही म्हणतेय.

मी तिला तात्यांचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मावशी, त्याचे काहीतरी रूल्स असतील ना?"

"असतात," मी म्हटलं.

त्यावर पंधरा दिवस काही बोलणं झालं नाही. मग परवा रात्री तिचा फोन आला. होस्टेलच्या मेसची या महिन्याची सेक्रेटरी ती झालीय. तिथे खाडा धरायचा तर दोन दिवस आधी सांगायला लागतं. दोन मैत्रिणी आदल्या रात्री सांगायला आल्या, एकीची आई आजारी होती, दुसरीला सिनेमाला आणि पुढे मामाकडे जायचं होतं. एकीला सूट दिली तर सगळ्याच आजारी आया घेऊन येतील, म्हणून तिने दोघींनाही नाही म्हटलं. "एक तर बोलतच नाहीये माझ्याशी," ती म्हणाली. आवाज रडवेला होता.

"आणि दुसरी?"

"ती बोलते की. काहीच झालं नाही असं बोलते. आज माझं ताटसुद्धा तिनेच वाढून आणलं."

"कुठली, आई आजारी असलेली?"

"हो."

"मग तिच्याकडे जा आधी," मी म्हटलं.